हेडमास्तरांचं अशक्य नाणं

माझी धाकटी लेक जुनी जपानी नाणी ओळखते. नाण्यांच्या दुकानात आतल्या टेबलाशी भिंग घेऊन बसायचं, राजवट कुठली आणि तिचं वर्ष कितवं ते वाचायचं, आणि चिठ्ठीवर इसवी सन लिहायचं, हे तिचं काम. डोकं तल्लख, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यापायी आधीच्या तीन नोकऱ्या गेल्या. या चौथीचा चाचणीचा महिना संपत आला होता.

त्या दिवशी ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी दुकानात गेले. समोर हेडमास्तर बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात. दुकानाचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांना दुखवायचं नाही, असं मालकांनी तिला सकाळीच बजावलं होतं.

हेडमास्तरांकडे एक सेनचं, म्हणजे येनच्या शंभराव्या भागाचं, नाणं होतं. त्यावर शोवा राजवटीचं तिसावं वर्ष, म्हणजे १९५५, असं त्यांचं म्हणणं. सेन तर त्याआधीच बंद झालेले. म्हणजे ही टांकसाळीची चूक, जगात दुसरं सापडायचं नाही. रविवारी ते संग्राहकांच्या मंडळात त्यावर बोलणार होते. हिने फक्त चिठ्ठी लिहून द्यायची.

तिने नाणं पाहिलं आणि तिची डावी भुवई वर गेली. ही भुवई मी चांगली ओळखते. आता एक घाव दोन तुकडे होणार.

पण ड्रॉवरमधून तिने खरोखरच्या १९५५ सालचं एक येन काढलं, दोन्ही नाणी शेजारी ठेवली आणि ‘वर्ष’ हे अक्षर कुठल्या टोकाला आहे ते बघा, एवढंच म्हणाली. हेडमास्तरांनी भिंग घेतलं. येनवर ते उजव्या टोकाला होतं, त्यांच्या नाण्यावर डाव्या. ‘वर्ष’ हे अक्षर ओळीच्या शेवटी येतं, म्हणजे जुन्या नाण्यांवरची ओळ उजवीकडून वाचायची असते. जपानीत तीन-दहा म्हणजे तीस, पण उजवीकडून वाचलं तर हे होतं दहा-तीन. तेरा. म्हणजे १९३८, ढिगाने निघालेलं साधं नाणं.

मालक स्वच्छ काच पुन्हा पुसत राहिले.

“ओळ कुठून सुरू होते ते आधी बघा, असं चाळीस वर्षं पोरांना सांगत आलो,” हेडमास्तर शेवटी म्हणाले. “रविवारी साठ जणांपुढे माझीच फजिती झाली असती.” मग मालकांकडे वळले. “हिला सोडू नका. माझे चार अल्बम हिलाच दाखवायचेत.”

“सोडतोय कुठे?” मालक म्हणाले, जसं काही आधीच ठरलं होतं.

ती मला दारापर्यंत सोडायला आली. इतकं सबुरीनं वागायला कधी शिकलीस, असं मी विचारलं.

“शिकले कुठली! त्यांचा इतका जीव होता गं त्या नाण्यात, कसं सांगावं तेच सुचेना.”

घरी येऊन मी भरदुपारी आडवी झाले. महिनाभरात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.