दोरीवरची दुपटी

चौऱ्याण्णव साल असेल. आम्ही केडगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तिसगावला, माहेरी, बाळंतपण होऊन मी रिकाम्या हातांनी परत आले आणि आठवडाभरातच यांनी कारखान्यातल्या कुणाकडून तरी कुत्र्याचं पिल्लू आणलं. पिशवीतून काढून स्वयंपाकघरात सोडलं. "तुला सोबत होईल," एवढंच म्हणाले. पिल्लानं लगेच ओट्याखाली मुतून ठेवलं.

एरवी मी तोंडाळ बाई. कुत्रं आणताना बायकोला विचारायची पद्धत तुमच्याकडे नाही का, असं मी नक्की सुनावलं असतं. त्या दिवशी मी फक्त फडकं शोधलं. मला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. लोकांना वाटत होतं मी धीराची आहे. धीर कसला, नुसता बधिरपणा होता.

पिल्लाला मात्र वळण लावायला घेतलं, कारण दिवसभर दुसरं काही नव्हतं. खाणं झालं की उचलायचं आणि मागच्या अंगणात शेवग्याखाली नेऊन ठेवायचं. ते तिथं बसून माझ्या तोंडाकडे बघायचं. मी पण बघायची. मग घरात आलं की चुलीवर दूध उतू जावं तसं नेमकं माझी पाठ वळल्यावर त्याचं व्हायचं. शेजारणीनं सांगितलं, पुसलेलं एक फडकं शेवग्याखालीच टाकून ठेव, वासानं त्याला जागा कळेल. तसं केलं. पण घरातली फडकी संपली. जुने बनियन संपले, फाटका टॉवेल संपला.

तेव्हा मी ट्रंकेतलं गाठोडं सोडलं.

त्यात दुपटी होती. आमच्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी नवं काही शिवत नाहीत, पण जुनं लुगडं फाडून ठेवलेलं चालतं. आईनं तिची दोन नेसून नेसून मऊ झालेली लुगडी फाडली होती, एक हिरवं आणि एक विटकरी. कडा दुमडून हातानं शिवल्या होत्या. मी परत येताना तिनं ते गाठोडं ट्रंकेत का ठेवलं, कुणास ठाऊक. पुढच्या वेळी लागतील, असं तिच्या मनात असेल. मी एक दुपटं काढलं आणि फरशी पुसली. चांगलं टिपून घेत होतं. मला काहीसुद्धा वाटलं नाही.

मग रोजचंच झालं. पुसायची, फिनेलच्या पाण्यात बुडवायची, धुवायची आणि पुढच्या अंगणात दोरीवर वाळत घालायची. पहिल्या पाळीहून हे परत येत तेव्हा दोरी भरलेली असे. हे मान वाकवून खालून येत. एकही दुपटं हातानं बाजूला सारत नसत. मला वाटायचं, दमलेले असतात.

एका सकाळी आमची नेहमीची भाजीवाली आली. मधले काही महिने ती लेकीकडे होती, त्यामुळे तिनं मला शेवटचं पाहिलं होतं ते पोटुशी असताना. फाटकातून आत येताच तिनं दोरी पाहिली आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवत म्हणाली, "अगं बया! झाली का सुटका? कवा आलीस म्हायेरनं? पोरगं का पोरगी?"

मी काही बोलायच्या आत तिनं शेपूच्या दोन जुड्या काढून माझ्या हातात कोंबल्या. "घे. बाळंतिणीला लई चांगली. याचं पैसं न्हाई घ्यायची मी."

"पोरगी," मी म्हटलं. "झाली, पण राहिली नाही."

हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोलले. आतापर्यंत सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं, आणि ठाऊक असलेली माणसं लाईट गेली, पाणी आलं असं काहीतरी बोलायची. पायरीवर पिल्लू दुपट्याचं एक टोक चघळत होतं. भाजीवालीनं त्याच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार मला. ती खालीच बसली.

"कोनासारकी हुती?"

मला दाखवलीच नव्हती. तिसगावहून पाथर्डीच्या दवाखान्यात हलवलं होतं, तिथं मी ग्लानीत असताना माणसांनी नेऊन पुरलीसुद्धा. भाजीवाली पाटी उचलून गेली. शेपू तिनं परत घेतली नाही.

मी ती मूगडाळ घालून केली. यांना शेपू अजिबात आवडत नाही. दुपारी कामावरून आले, मान वाकवून आत आले, हात धुऊन ताटावर बसले आणि मुकाट्यानं खायला लागले.

"ती कोणासारखी होती?" मी विचारलं.

कोण, असं त्यांनी विचारलं नाही. घास हातातच राहिला. "तुझ्यासारखी," म्हणाले. "केस लई हुते. वल्ले हुते अजून." त्यांनी घास ताटात ठेवला. "तुझ्या आईनं गुंडाळून दिली माझ्याकडं. हिरव्या दुपट्यात. यातल्याच."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. रोज त्या दोरीखालून आलेला माणूस. एकदाही म्हणाला नव्हता की हे वापरू नकोस. मग मला रडू फुटलं. मोठ्यानं, घरमालकांना ऐकू जाईल इतकं. हेही उष्ट्या हातानं तोंड झाकून रडले.

मागच्या दाराशी पिल्लू उभं राहून कुंईकुंई करत होतं. बाहेर सोडा म्हणून पहिल्यांदाच आपणहून सांगत होतं. आमचं लक्ष जाईपर्यंत त्याला धरवलं नाही, आणि त्यानं उंबऱ्याशीच केलं.

मी सवयीनं ओट्यावरचं दुपटं घ्यायला उठले. त्यांनी मला खाली बसवलं, अंगातला शर्ट काढला आणि त्यानं फरशी पुसली.