फोनला लावलेला कौल

वाडी विकून टाकावी हे माझ्या मनात आलं ते भर दुपारी, नारळाच्या झावळ्या ओढून कंबर धरल्यावर. काशीदच्या अलीकडची आमची ही वाडी दादाची आणि माझी सामायिक. वादळानं निम्म्या पोफळी आडव्या केल्या, उरलेल्यांवर चढायला माणूस मिळत नाही आणि माझे गुडघे मला ओटीची पायरीही सुखानं चढू देत नाहीत. दादानं मात्र पडलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावली. त्याला सांगणार कसं?

आमच्याकडे अशा वेळी ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर कळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण देवळात गेलो की दादाला कळणार. म्हणून मी हुशारी केली. पडवीत बसून फोनला विचारलं, वाडीला भाव काय मिळेल आणि पनवेलला लिफ्टचं घर मिळेल का? मध्येच ‘मान्य आहे’ असं बटण आलं. वर बारीक अक्षरात बरंच काही होतं, पण चष्मा आत होता आणि आत जायचा कंटाळा आला. दाबलं. नंबर मागितला, तोही दिला. घरात स्थळ सांगून आलं तर चार गावांत चौकशी करणारा मी!

वायफाय माझ्या घरात, पण भिंतीपलीकडे दादाचं घरही त्यावरच चालतं. दोनच दिवसांत दादा वहिनीचा फोन घेऊन आला.

“हिचं कीर्तन चालू असताना मध्येच पनवेलचे फ्लॅट येतात. वर विचारतात, कोकणातली जमीन विकायचीय का?”

“जाहिराती रे दादा. सगळ्यांनाच येतात.”

“विचारून आलो. पलीकडच्यांना कोंबड्यांच्या खाद्याची येते. दुकानदाराला टकलावर केस उगवायच्या तेलाची. वाडी विकायची फक्त आपल्याला.”

मी नख कुरतडायला लागलो. माझं हे नख कुरतडणं तो लहानपणापासून ओळखतो.

“देवीच्या आधी फोनला कौल लावलास? आणि माझ्याही आधी?”

गुरवाकडे अख्ख्या गावाची गाऱ्हाणी जमा असतात. पण मूल होत नाही म्हणून कुणी गाऱ्हाणं घातलं आणि घरी पोचायच्या आत पाळणेवाला दारात उभा, असं आमच्या गावात कधी झालं नाही. मी मात्र सख्ख्या भावापासून लपवलेली गोष्ट कोणाकोणाच्या हवाली केली, हे मलाच ठाऊक नाही. परवानगी घेतली होती म्हणे माझी. घेतली होतीच की! पण दादाची कुठे घेतली होती? वहिनीची?

एवढ्यात फोन वाजला. जमिनीचा दलाल. मला स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे संभाषण दोघांनीही ऐकलं.

“काका, समुद्राकडची वाडी ना? पार्टी तयार आहे.”

“विकायची नाही,” मी म्हटलं. दादाकडे बघून तसं म्हटलं, हे मात्र खरं.

“काही हरकत नाही काका. मन बदललं की आम्हाला कळतंच.”

फोन ठेवला. दादा कठड्यावर टेकला. तोही आता उभा राहून दमतो, हे मला त्या दिवशी नीट दिसलं.

“गुडघे फारच दुखतात का रे?”

“फार.”

“मग तसं सांगायचं.” तो उठला. “विकायची की नाही ते बघू. उद्या मन बदललं तर कळू दे त्या मेल्याला. पण आधी मला.”