हात लावू काय?

वैशाली विचारल्याशिवाय कुणालाही हात लावत नसे. पहिल्या दिवशी ती आमच्या शेलूबाजारच्या घरी आली, चप्पल बाहेर काढली, साबणानं हात धुतले आणि पलंगाजवळ वाकून माझ्या नवऱ्याला म्हणाली, "काकाजी, हात लावू काय?" लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पण त्यांनी नव्या नवरदेवासारखी मान हलवली. मी उशाशीच बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

ती जऊळक्याची, पस्तिशीची, अंगानं भक्कम. मालेगावला फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडे मदतनीस होती. कोणता व्यायाम द्यायचा हे डॉक्टरबाई ठरवायच्या. तो करून घ्यायचा, शेक द्यायचा, आधार देऊन उभं करायचं आणि काय जमलं, काय दुखलं ते बाईंना कळवायचं, हे हिचं काम. "यांचा हात कधी सुटेल गं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "थे मॅडम सांगतीन, काकू. मी मदतनीस आहो."

मुलगी पाहायला गेल्यासारखे प्रश्न मी तिला विचारले. शिक्षण किती? "बारावी केली, मंग कोर्स केला, मंग मॅडमच्या हाताखाली शिकली." आणखी काय लागतं या कामाला? ती हसली. "कंबर लागते, काकू. अन् तोंडाले कुलूप." दुसऱ्या पेशंटच्या घरचं एक अक्षरही मला तिच्याकडून कधी काढता आलं नाही. प्रयत्न मात्र भरपूर केले.

ती यायच्या आधी मी यांना आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून, भांग पाडून तयार ठेवायचे. म्हटलं, दिसू दे तिला, या घरात बायको आहे. एक दिवस तिनं शर्टाकडे निरखून पाहिलं.

"बटनं कोनं लावले?"

"मी. दुसरं कोण लावणार?"

"मंग त्यायच्या बोटायनं काय करावं?"

आणि यांना विचारून तिनं चक्क सगळी बटणं सोडली. माझ्या देखत! हे एका बटणाशी झगडत राहिले, घामाघूम झाले. ती नुसती शेजारी बसून म्हणत होती, "हळूहळू, काकाजी. घाई कायची?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. बटण लागलं तेव्हा दोघं हसल्याचं मला आतपर्यंत ऐकू आलं. दुखण्यानंतर यांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं, तेही भिंतीआडून.

जेवणाचंही तेच. मी भरवायला बसले की तोंड उघडून बसायचे, ती असली की स्वतः चमचा धरायचे. माझ्यापुढे आजारी, तिच्यापुढे बरे. जळणार नाही तर काय करणार?

मग ते आधारानं चार पावलं टाकू लागले, तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता वैशाली येणार नाही, त्यांना चालवायचं घरच्यांनी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पाठोपाठ भीतीही वाटली. माझ्यासाठी ते उठलेच नाहीत तर? कायमचे पलंगावरच राहिले तर?

शेवटच्या दिवशी तिनं त्यांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा माझ्या हाती दिला आणि मला त्यांच्या कमजोर बाजूला उभं केलं. "ओढू नका, काकू. तोल गेला तरच आवरा. अन् पयले विचारा."

विचारू? एवढा संसार झाला, यांना हात लावायला मी कधी विचारलं होतं? पदर सारखा करत शेवटी म्हटलं, "अहो, हात लावू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली. पलंगाची कड धरून स्वतःच उठले. मी पट्टा सैल धरून मागे. पाय ओढत, थांबत, ते दारापर्यंत गेले. तिथं पोचल्यावर नेहमीसारखी त्यांची नजर शाबासकीसाठी वैशालीला शोधू लागली. ती भिंतीकडे तोंड करून स्कार्फ बांधत होती. केव्हाची बांधत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

तिनं ते मुद्दाम केलं, एवढं मलाही कळलं. चहाला थांब म्हटलं, तर म्हणाली, "दुसरा पेशंट वाट पाहून राह्यला, काकू," आणि गेली.

आता रोज संध्याकाळी मीच पट्टा बांधते, मीच विचारते. पण विचारल्यावर त्यांची मान हलेपर्यंत थांबायचं असतं, आणि माझा हात त्याआधीच पुढे जातो. तिचा जात नसे. त्यासाठी मी अजूनही तिच्यावर जळते.