तिप्पट कंदील

त्या सकाळी आई जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरून बसली होती. आमच्या गॅलरीत दरवर्षी दिवाळीत लागणारा तिचा कंदील समोर ठेवलेला. सोसायटीच्या फाटकासाठी तिला त्याच्याच तिप्पट मोठा करायचा होता.

"बाजू तिप्पट, कोन आहेत तेच. कळलं का?"

शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे घरीही तिचं बोलणं "कळलं का?"वरच संपायचं. मी "हं" म्हणाले आणि ऑफिसला गेले. दुपारी तिचं हृदय थांबलं.

वर्गातही मी तिला धड उत्तर द्यायचे नाही. आठवीत भूमितीला आम्हाला तीच होती. सगळा वर्ग एका सुरात "कळलं, बाई" म्हणायचा. मला आईला बाई म्हणता यायचं नाही, म्हणून ओठ मिटून बसायचे.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. आईला जाऊन वर्ष सरलेलं नाही, म्हणून गॅलरीत यंदा कंदील नाही. पण फाटकावरचा तिने कबूल केलेला होता. तो मी करते म्हटलं. आणि तो जमत नाही. वरचे तिरपे तुकडे जोडले की तोंड पसरतं. भर दुपारी मी तिच्याच कागदावर डोकं टेकते. खळीचा वास येतो. पंख्याचा आवाज लांब जातो.

समोर आई बसलेली आहे. चष्मा कपाळावर.

"हा कंदील आहे की पालथी बादली?"

"तू म्हणालीस तसंच केलंय."

"खालची बाजू किती घेतलीस?"

"घरच्या कंदिलाची आठ इंच. तिप्पट चोवीस."

"आणि वरची?"

"घरची चार. खालची सोळाने वाढली, म्हणून वरचीही सोळाने वाढवली. वीस."

"बेरीज केलीस," आई म्हणते. "सगळ्यांना सारखंच वाढायला ही काय पंगत आहे, वेडे?"

टेबल आता शाळेचं मैदान आहे. पदर खोचून ती फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढते आहे. हातात छत्रीएवढं कर्कटक. त्याचं टोक ती मातीत रोवते.

"या टिंबापासून निघायचं. प्रत्येक कोपऱ्यातून रेघ न्यायची. टिंबापासून कोपरा जेवढा लांब, त्याच्या तिप्पट गेलं की नवा कोपरा."

बोलता बोलता ती एका रेघेवरून चालायला लागते.

"आई, तू लहान दिसायला लागलीस."

"लांब आले म्हणून. कोन आहेत तेच."

"अजून किती जाणार?"

"कोपरा येईपर्यंत."

"मग परत येशील?"

"विषय बदलू नकोस. वरची बाजू किती?"

"बारा."

"कळलं का?"

मैदानभर बाकं मांडलेली आहेत, सगळी रिकामी. उत्तर द्यायला मी एकटीच आहे. तोंड उघडते. आवाज फुटत नाही.

जाग येते तेव्हा गालाला खळ लागून वाळलेली आहे. ऊन टेबलावरून खाली उतरलं आहे. मी कागद उचलते. घरच्या कंदिलाचा तुकडा ठेवून आईने त्यावर बाह्यरेषा काढली होती. त्या रेषेच्या शेजारी, कोऱ्या जागेत, एक बारीक भोक आहे. त्यातून उजेड येतो. कर्कटक पेटीत आहे. झोपेत माझ्याच हातून काही टोचलं असेल. किंवा त्या सकाळी तिनेच टोक रोवलं असेल आणि इतके दिवस मला दिसलं नसेल.

भोकाला पट्टी लावून मी चारही कोपऱ्यांतून रेघा काढते. अंतरं मोजून तिप्पट नेते. टोकं जोडते. नव्या आकृतीची वरची बाजू मोजते. बारा इंच. घरच्या कंदिलाचाच तुकडा आहे, फक्त मोठा.

खोलीत कोणी नाही. तरी मी उठून उभी राहते, वर्गात राहायचो तशी.

"कळलं, बाई," मी मोठ्याने म्हणते.