व्हर्लीनबाईंचं जड पिस्तूल

फिकट जांभळ्या रंगाचं रिव्हॉल्व्हर डब्यासकट व्हर्लीन स्टॅम्परबाईंनी टेबलावरून मुलाकडे परत सरकवलं.

"हे काय आणलंस? साबणाची वडी?"

"आई, हे खास बायकांसाठी असतं. हलकं आहे, पर्समध्ये मावतं," रँडल म्हणाला.

बाई एकाहत्तर वर्षांच्या, उंची जेमतेम पाच फूट. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, खोऱ्याच्या अगदी टोकाला त्यांचं घर. शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉलर जोडून जोडून बोटांच्या पेरांच्या गाठी झालेल्या. कारखाना परदेशी गेला, नवरा क्लेबर्न देवाघरी गेला, बाई मात्र होत्या तिथेच होत्या.

दोन हजार अकराच्या मार्चात, रविवारी बाई चर्चला गेल्या असताना कुणीतरी मागचं दार फोडलं. टीव्ही नेला, क्लेबर्नच्या बंदुका नेल्या आणि जाताना ओट्यावरचा अर्धा केकही खाल्ला. शेरिफचा माणूस तिसऱ्या दिवशी उगवला. चोरीपेक्षा बाईंना ती खरकटी बशी जास्त झोंबली. घर सोडायचं नाही, आणि अर्ध्या मैलावरच्या टपालपेटीपर्यंतसुद्धा आता रिकाम्या हाताने जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अंगावर झाकून शस्त्र बाळगायचा परवाना काढायचा, तर आधी शनिवारचा वर्ग करावा लागतो. बाईंनी नाव नोंदवलं.

रँडलला ते पसंत नव्हतं. बायको सोडून गेल्यापासून तो लेक्झिंग्टन शहरात दोन खोल्यांत एकटाच राहत होता आणि आईला तिकडेच न्यायचं त्याच्या मनात होतं. खिडकीतून नुसतं गाड्या लावायचं मैदान दिसतं, असल्या जागेत बाई आठ दिवस टिकल्या नसत्या.

"वर्गात नेमाची परीक्षा असते," तो म्हणाला. "वीस गोळ्या. त्यातल्या अकरा लागल्या नाहीत, तर माणसाने एकटं राहू नये. मग तू माझ्याकडे यायचं."

"हा कायदा कुणाचा? सरकारचा?"

"माझा."

"मग लिहून दे."

रँडलने हसत हसत चर्चच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं: 'ज्याच्या वीसपैकी अकरा लागणार नाहीत, त्याने एकटं राहायचं नाही.' बाईंनी तो कागद फ्रिजवर लावला.

मग मायलेकरं घरामागच्या मातीच्या दरडीपाशी गेली. कागदाचं निशाण लावून बाईंनी त्या जांभळ्या रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या झाडल्या. मूर्ती लहान, लाथ महान! पहिल्याच झटक्याला अंगठ्याचा सांधा ठणकला. पाचांतली एक लागली आणि संध्याकाळपर्यंत तळहात सुजून टम्म झाला. रँडलने मनातल्या मनात आईची पेटी बांधायला घेतलेली त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवारी त्या होबर्ट कूम्सच्या बंदुकांच्या दुकानात गेल्या. रँडलने ते रिव्हॉल्व्हर तिथूनच आणलं होतं.

"व्हर्लीनबाई, झाडलेलं हत्यार मी परत घेत नाही," त्यांचा सुजलेला हात बघून होबर्ट आधीच म्हणाला.

"ते रँडलचं झालं आता. मला ते दाखव." बाईंनी काचेखालच्या एका जुन्या, अख्ख्या पोलादी नाइन मिलिमीटर पिस्तुलाकडे बोट दाखवलं.

"ते? अहो, नाकापेक्षा मोती जड व्हायचा! तुमच्यासारख्या लहानखुऱ्या बाईला लहान बंदूक. सगळे तसंच घेतात."

"सगळ्यांचे हात सुजतात का तेही विचार कधीतरी. होबर्ट, घरची हलकी शिलाई मशीन टेबलभर नाचते. कारखान्यातली लोखंडी मशीन बघितलीस कधी? जागची हलत नाही. धक्का पिस्तुलाचं वजन खातं, माझं मनगट नाही."

होबर्टने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि त्यांच्या हातात दिलं. इथे मात्र घोडं अडलं. पहिली गोळी नळीत जायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. बाईंच्या चिमटीत तेवढा जोर नव्हता. दोनदा ओढलं, दोनदा निसटलं.

"भरून द्यायला रँडल आहेच की," होबर्ट समजुतीने म्हणाला.

"हो ना! चोराला खुर्ची देते, कॉफी देते. म्हणते, बस बाबा, मुलगा लेक्झिंग्टनहून निघालाय."

 बाई हातातल्या पोलादाकडे बघत राहिल्या. कारखान्यात पहिल्याच दिवशी मुकादमीण ओरडली होती, 'कापड ओढू नकोस गं, बोटं जातील! खांद्याने ढकल!' बाईंनी पिस्तूल छातीजवळ घेतलं, नळी भिंतीकडे. डाव्या हाताच्या अख्ख्या पंजाने वरचा भाग घट्ट धरला आणि तो तसाच ठेवून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलली. खट्! त्यांनी आणखी दहा वेळा तेच केलं, होबर्टकडे बघत.

"हे झाकणार कुठे पण?" तो शेवटचा मुद्दा काढून म्हणाला.

"एकतीस वर्षं शिवणकाम केलंय मी. तू मला खिसा शिकवणार?"

तीन आठवडे त्या दरडीपाशी सराव करत होत्या. संध्याकाळी बीन्स चुलीवर ठेवून कोटाच्या आत जाड कापडाचा दुहेरी शिवणीचा खिसा शिवत होत्या.

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या खोलीत वर्ग भरला. शिकवणारा एस्टिल नोबल, निवृत्त डेप्युटी, बाईंचं पिस्तूल बघून भुवया वर करून म्हणाला, "हे तुमच्या मिस्टरांचं का?"

"नाही. माझं. मिस्टरांची चोरांनी नेली."

आईवर लक्ष ठेवायला रँडलनेही नाव घातलं होतं, आणि ते जांभळं रिव्हॉल्व्हर वाया जाऊ नये म्हणून तेच आणलं होतं. माणसाने हट्ट करावा, पण निदान दुसऱ्याच्या सुजलेल्या हातावरून तरी शिकावं!

दुपारी मागच्या मैदानात सात यार्डांवर निशाणं लागली. बाईंनी छातीजवळ धरून ढकललं, खट्, आणि सावकाश, कॉलर जोडावी तशा वीस गोळ्या झाडल्या. शेजारी रँडल प्रत्येक गोळीनंतर हात झटकत होता. दहाव्या गोळीपासून तो बार व्हायच्या आधीच डोळे मिटायला लागला.

एस्टिलने निशाणं मोजली. बाईंच्या अठरा. रँडलच्या नऊ.

"रिव्हॉल्व्हर फार लाथ मारतं," रँडल पुटपुटला.

"मला सांगतोस?" बाई म्हणाल्या.

एस्टिल म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत ये, पोरा. आणि आईला विचारून बंदूक आण."

गाडीपाशी आल्यावर बाईंनी नव्या खिशातून घडी घातलेला कॅलेंडरचा कागद काढला आणि रँडलच्या हातात दिला. त्याने आपलंच अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

"आई, मी हे तुझ्यासाठी लिहिलं होतं."

"माझं नाव कुठाय त्यात? 'ज्याच्या' असं लिहिलंयस." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "तुझी खोली झाडून ठेवली आहे. चादर सकाळीच बदलली."

"सकाळीच?"

"सकाळीच. चल, बस. गाडी मी चालवते. तुझा हात सुजलाय."