इंग्लंडमध्ये नसलेला कायदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, आणि तुमच्या बाबाला तर नाहीच. आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. पण इंग्रजीत माझी वाक्यं फार नीटनेटकी होतात, वाईट गोष्टसुद्धा इस्त्री केल्यासारखी दिसते. म्हणून मराठीत. तुम्हा दोघांना वाचायला वेळ लागेल — लागू दे.

कुठून सुरू करू? मस्कतपासून करते.

ऐंशीच्या दशकात आम्ही काही वर्षं ओमानमध्ये होतो. आजोबांचं एअर कंडिशनर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. आजोबांचं म्हणते खरी, पण ते त्यांच्या एकट्याचं नव्हतं. परदेशी माणसाला तिथे धंदा करायचा तर ओमानी भागीदार घ्यावा लागे. नुसतं राहायचं तरी तिथल्या कुणीतरी तुमच्या नावामागे उभं राहावं लागे. सुलतानाचं राज्य. सगळं त्यांच्या फर्मानांनी चालायचं, लिखित राज्यघटना अजून व्हायची होती. नाव देऊन पुढे धंदाच गिळून टाकणारे भागीदार आम्ही आसपास पाहिले होते.

आमच्यामागे उभे राहिले ते खमीसभाई. वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी कधी मालकी दाखवली नाही. यायचे ते संध्याकाळी, घरी, खजूर घेऊन आणि मुलीला घेऊन. हिंदी बोलायचे ते बाजारातल्या गुजराती दुकानदारांकडून शिकलेलं. मला भाभी म्हणायचे.

मुलगी रय्या. तुमच्या बाबाहून वर्षाने लहान. तिला मी इंग्रजी वाचायला शिकवलं. तिने स्वतःच एक नियम केला होता — पुस्तक उघडं असेपर्यंत मी मिस, मिटलं की खाला. खाला म्हणजे मावशी. मिस रागवायला लागली की ही पटकन पुस्तक मिटायची आणि माझ्या मांडीत घुसायची. खालाने रागवायचं नसतं ना! तिच्या केसांना धुपाचा वास यायचा. आजही कुठे धूप जळला की मी वळून पाहते.

पुढे आजोबांना इथे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला नोकरी मिळाली. मस्कत सोडताना एका गिऱ्हाइकाची तक्रार लोंबकळत होती. ती मिटेपर्यंत आम्हाला निघता आलं नसतं. खमीसभाईंनी ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि आम्ही विमानात बसलो. आजोबा विमानात मला म्हणाले, "या माणसाने कधी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही." मी मान हलवली. मनापासून हलवली — हे खोटं नव्हतं.

त्यांनी एकदाच मागितलं.

नव्वदनंतरची गोष्ट. मी तेव्हा इथल्या एका सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलाच्या, ऑफिसात सेक्रेटरी होते. रविवारी दुपारी फोन आला. आजोबा बाहेर गेले होते. रय्याला इंग्लंडला येऊन ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, करायच्या होत्या, मग कायदा शिकायचा होता. कॉलेजला तिची जबाबदारी घेणारा इथला गार्डियन हवा होता. खमीसभाई म्हणाले, मुलीला एकटी पाठवायला घर तयार नाही, पण भाभीच्या घरी म्हटलं तर कुणी तोंड उघडणार नाही.

आणि मी काय म्हणाले?

थांबा, सांगते. आमची बॉक्स रूम लहान होती, त्यात माझं शिलाई मशीन होतं. तुमच्या बाबाचं परीक्षेचं वर्ष होतं. मी सकाळी आठला घर सोडायचे. हे सगळं खरं होतं, आणि यातलं एकही कारण नव्हतं. कारण हे होतं — सतरा वर्षांचा मुलगा घरात, आणि सोळा वर्षांची मुसलमान मुलगी. लंडनला वेम्बलीच्या हॉलमध्ये गणपतीला आम्ही जमायचो, तिथल्या बायका काय म्हणतील ते मला आधीच ऐकू येत होतं. आणि बायकांचं तरी नाव कशाला घेऊ? माझंच मन म्हणत होतं. लहानपणी मांडीवर ती मला चालली होती. घरात, कदाचित कायमची, सून म्हणून — ती नुसती शंकासुद्धा मला नको होती.

मी म्हणाले, "खमीसभाई, इथल्या कायद्यात बसत नाही. गार्डियन ब्रिटिश नागरिकच लागतो. आमचे पासपोर्ट अजून भारताचे आहेत."

असा कायदा नव्हता. मी ज्या ऑफिसात बसत होते तिथे मला एका मिनिटात कळलं असतं, पण विचारायचीही गरज नव्हती. मी त्यांच्याच देशाचा नियम उचलून इंग्लंडला चिकटवला होता. म्हणून तर तो त्यांना इतका लगेच पटला. परक्याला स्वतःच्या नावावर उभं राहता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

त्यांनी फक्त एवढंच विचारलं की हे कुठे लिहिलंय, म्हणजे रय्याला दाखवता येईल. ती हट्टी आहे, वाचल्याशिवाय ऐकत नाही. मी म्हणाले, इथे सगळं एका पुस्तकात लिहिलेलं नसतं. हे वाक्य मात्र अगदी खरं होतं; इंग्लंडला एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाहीच.

मग ते म्हणाले, "भाभी, कानून है तो है. आप क्यों शर्मिंदा होती हो?" आणि उलट माझीच समजूत घालत बसले.

संध्याकाळी आजोबांनी विचारलं, फोन कुणाचा होता? मी सांगितलं, खमीसभाईंचा, सहज केला होता. आजोबा गेले तेव्हाही त्यांना एवढंच माहीत होतं.

रय्या आली नाही. तिकडेच शिकली, मग मस्कतमध्ये एका बँकेत लागली. त्या रविवारच्या फोननंतर तीन वर्षांनी ओमानला लिखित मूलभूत कायदा मिळाला, एका अर्थी त्यांची पहिली राज्यघटनाच. काही दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "मिस, पुस्तक उघडलंय." आणि कायद्याचं इंग्रजी भाषांतर वाचायला लागली — सगळे नागरिक समान, स्त्री-पुरुष, भाषा, धर्म यांवरून भेद करायचा नाही. 'डिस्क्रिमिनेशन' या शब्दाला अडखळली. मी लहानपणी तोडून द्यायचे तसा तिला शब्द तोडून दिला. ती माझ्यामागून म्हणाली. मग पुन्हा सगळं कलम, न अडखळता.

"बाबा म्हणाले, खालाला वाचून दाखव," ती म्हणाली. "तुमच्याकडे एका पुस्तकात नसतं ना."

तेव्हा सांगता आलं असतं. ती ऐकत होती, मी एकटी होते, आजोबा बागेत होते. मी म्हणाले, "छान वाचलंस."

"आता पुस्तक मिटलं," ती म्हणाली. "खाला, कशी आहेस?"

मी म्हणाले, बरी आहे.