पोटगीची तारीख आणि दोन चहा

कोर्टासमोर चहा विकणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. रिकाम्या कपाबरोबर तेही परत येतात. आता टपरी राहिली नाही. पण तळेघरकडचे किसन आणि सुंदरा अजून तसेच बाकावर बसलेले दिसतात.

सासूशी पटेना म्हणून सुंदरा माहेरी गेली. कोर्टाने पोटगी बांधून दिली. किसनकडे भाताची खाचरं, रोकडा कुठला? पोटगी थकली आणि तारखा सुरू झाल्या.

*

त्या बाजूची एसटी एकच. भांडणारे दोघं एकाच गाडीने यायचे! उतरल्यावर सुंदरा दोन चहा सांगायची.

"एक ह्यांना द्या बाबा. पैसे माझ्याकडून घ्या, नायतर आत म्हनतील, पोटगी च्यात गेली."

*

एकदा किसनने तांदळाचं पोतंच आणलं. कोर्टातले साहेब म्हणाले, इथे पैसे भरायचे, तांदूळ नाही. संध्याकाळी तेच पोतं त्याने खांद्यावरून तिच्या माहेरी पोचवलं. त्याचे वकील म्हणाले, "थकलेली पोटगी तशीच, वर हमाली फुकट!"

*

वकिलांनी एकदा त्याला टपरीवरच समजावलं. पोटगी भरली नाही, तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी महिनाभरापर्यंत आत बसावं लागतं.

"म्हंजी बसून फिटतं?" किसनने विचारलं.

"नाही रे. बसून आलास तरी पैसे द्यायचेच."

किसनने कप खाली ठेवला. "मंग सायेब, बसून कोनाचं पोट भरतं?"

वकिलांनी तेवढ्यात बिस्किट मागितलं.

*

वॉरंट आलं ते नेमकं आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर. किसन गुडघाभर चिखलात, हातात भाताचं रोप. हवालदार बूट सांभाळत बांधावर उभे. "पाय धुऊन घे, लई लांब जायचंय," एवढंच म्हणाले. महिनाभराची शिक्षा झाली. रोप वाफ्यातच राहिलं. आवणी हुकली म्हणजे वर्षाचं भात गेलं.

*

सुटला तो सरळ माझ्याकडे आला. चहा दिला तर घेईना. रोप पिवळं पडलं असंल, घरी जाऊन काय बघू, म्हणाला.

तेवढ्यात एसटी आली. सुंदरा उतरली. नखांत चिखल, बोटं पांढरी पडलेली. तिने दोन चहा सांगितले, त्याच्या शेजारी बसली आणि समोर बघतच म्हणाली,

"समदी खाचरं लावून झाली. मजुरी येगळी हं. पोटगीत धरायची न्हाई."